आधी नोंदवही, मग जनुकं

अनेक आशीर्वाद.

पशुधनाच्या आनुवंशिकीत संशोधन करायचं ठरवलंस, छान झालं. पहिल्या वर्षी काय शिकायचं म्हणून जी सॉफ्टवेअरांची यादी केली आहेस ती बरी आहे, पण तिच्यात गोठा कुठेच नाही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने नोंदींमागे घालव. ३०५ दिवसांचं (एका वेतातलं) दूध म्हणून फाईलमध्ये दिसणारा आकडा बहुधा महिन्यातून एकदा केलेल्या मोजणीवरून काढलेला असतो. मोजणी दोन्ही वेळची होती, की सकाळचंच दूध धरून हिशेब केला? रकान्यात शून्य असेल तर गाय आटली होती की मोजायची राहिली, हे गोठ्यावरच्या माणसालाच ठाऊक. वजनांचा आलेख काढ. आकडे ० आणि ५ वर ढिगाने साचलेले दिसले, तर वजन नजरेने लिहिलंय किंवा काटाच पाच किलोच्या टप्प्यांचा आहे.

मग समकालीन गट, म्हणजे सारख्याच परिस्थितीतल्या गाईंचे गट, पाड: एकच गोठा, एकच वर्ष-हंगाम, एकच वेत. गट फार सैल ठेवलास तर चाऱ्यातला फरक जनुकांच्या खात्यावर जमा होतो. फार बारीक केलास तर गटात दोनच गाई उरतात. आणि गटातल्या सगळ्या एकाच वळूच्या मुली असतील, तर वळूंच्या तुलनेला तो गट काहीच देत नाही. तेच वळू अनेक गोठ्यांत वापरलेले असले तरच गोठे एकमेकांशी जोडले जातात. हा दुवा नसेल तर पुढचं कुठलंही गणित तो आणून देत नाही.

रक्त घ्यायचं तर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या), जांभळ्या झाकणाच्या नळीत. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतं. नळी भरताच आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी कर, नाहीतर गुठळ्या होतात. जुळ्या वासरांचं मात्र रक्त घेऊ नकोस. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडल्या जातात, आणि एकाच्या रक्तात दुसऱ्याच्या पेशी पुढे मोठेपणीही सापडतात. तिथे शेपटीचे केस मुळांसकट उपटून घे. कापलेले केस कामाचे नाहीत. नळीवर क्रमांक घालायचा तो जनावर समोर उभं असताना, कानातला बिल्ला वाचून.

चिपचे, म्हणजे जीनोमवरच्या हजारो स्थळांची रूपं एकदम वाचणाऱ्या चाचणीचे, निकाल आले की लगेच विश्लेषणाला बसू नकोस. नर म्हणून नोंदलेल्या जनावरात एक्स गुणसूत्रावर (वाय गुणसूत्राशी जुळणारा टोकाचा भाग सोडून) दोन वेगळी रूपं दिसता कामा नयेत. प्रत्येक स्थळाची ए आणि बी अशी दोन रूपं धरतात, आणि वासराला त्यातलं एक बापाकडून मिळतंच. म्हणून बाप एए आणि वासरू बीबी अशी, घडू नयेत ती स्थळं मोज. ५०,००० स्थळांमध्ये ती मोजकी निघाली तर वाचनातला दोष, हजारोंनी निघाली तर वंशावळीतला बाप चुकीचा किंवा नमुना बदललेला. बदललेले नमुने फेकण्याआधी प्लेटचा नकाशा (कुठल्या कप्प्यात कुठला नमुना) काढ. ९६ कप्प्यांची प्लेट उलटी बसली की ए१ चा नमुना एच१२ मध्ये जातो, आणि तसं झालं असेल तर सगळं परत जुळवता येतं. जुन्या फायलींतली स्थानं यूएमडी ३.१ या गाईच्या संदर्भ-जीनोमवरची (स्थानं मोजायच्या प्रमाण नकाशावरची) असतात, नव्यांतली एआरएस-यूसीडी १.२ वरची, ती तशीच एकत्र केलीस तर खुणा भलत्या जागी जातात. होल्स्टीनवर काम असेल आणि दुधातल्या फॅटसाठी आलेखात १४व्या गुणसूत्रावर डीजीएटी१ या फॅटवर मोठा परिणाम करणाऱ्या जनुकाचं शिखर उगवलंच नाही, तर नवा शोध लागला असं समजू नकोस. आधी फाईल तपास.

विषय निवडताना आनुवंशिकतेचं प्रमाण, म्हणजे जनावरांमधल्या फरकाचा किती भाग जनुकांमुळे आहे, ते बघ. दुधासाठी ते साधारण ०.३ असतं, गाभण राहण्याच्या बहुतेक गुणांसाठी ०.०५ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे ३०० गाईंवर गर्भधारणेची जनुकं शोधायचा प्रस्ताव कितीही आकर्षक वाटला तरी हाती गोंगाटच लागेल. तेवढ्याच जनावरांवर वंशावळीची पडताळणी किंवा अंतःप्रजननाची मोजणी ठोस निघते. अशा कामाला टाळ्या कमी पडतात, हेही खरं.

२००१ साली म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी संपूर्ण जीनोमवरच्या खुणांवरून प्रजनन मूल्य (जनावर पुढच्या पिढीला किती गुण देईल याचा अंदाज) काढायची रीत मांडली. तीवर काम करशील तेव्हा अचूकता तपासायला जनावरं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटू नकोस. सावत्र बहिणी दोन्ही बाजूंना पडतात आणि आकडा फुगतो. जन्मतारखेने वाट: जुन्या पिढीवर समीकरण बसव, नव्या पिढीवर तपास. आकडा खाली येईल, पण निवड करणाऱ्याला हाच आकडा लागतो, कारण त्याच्यासमोर न व्यालेली कालवड उभी असते.

मार्गदर्शकांना होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचार: नोंदी कोणाच्या मालकीच्या, त्या प्रसिद्ध करायची परवानगी आहे का, आणि जनुकीय चाचणी व दुधाची नोंद दोन्ही असलेली जनावरं आज नेमकी किती. ‘पुढे जमतील’ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

विषय पक्का झाला की नोंदींच्या फाईलच्या पहिल्या पन्नास ओळी पाठव, मालकांची नावं काढून. प्रस्ताव त्यानंतर वाचू.

कळावे.