डी शून्य आला तर उकली अनंत की एकही नाही?

प्रश्न असा आहे: तीन चलांची तीन समीकरणं. डी, म्हणजे चलांच्या सहगुणकांचा निश्चयक (त्यांच्या चौकोनी मांडणीतून ठरावीक गुणाकार, बेरजा-वजाबाक्या करून निघणारी एक संख्या), शून्य. त्या त्या चलाच्या सहगुणकांच्या जागी उजवीकडचे आकडे घालून काढलेले डी-एक्स, डी-वाय, डी-झेडही शून्य. मग ‘अनंत उकली’ लिहून मोकळं व्हावं का?

नको. आधी ही तीन बघ: एक्स + वाय + झेड = १, एक्स + वाय + झेड = २, एक्स + वाय + झेड = ३. चारही निश्चयक शून्य आणि उकल एकही नाही. तीच बेरीज एकाच वेळी १, २ आणि ३ कशी होईल? तीन समांतर प्रतलं आहेत ती, कुठेच भेटत नाहीत.

अकरावीत असताना नौपाड्यातल्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये मी हेच फळ्यावर लिहिलं होतं. सरांनी चौकट आखून नियम दिला होता, ‘चारही शून्य म्हणजे अनंत’. माझ्या तीन ओळी बघून म्हणाले, "असलं परीक्षेत येत नाही, बस खाली." आणि डस्टर हातात असून तळहाताने पुसलं. अख्खी बॅच हसली. फी मात्र ॲडव्हान्स घेतली होती. आता मी ऐरोलीत शिकवण्या घेतो, तर पोरं त्याच क्लासच्या नोट्स घेऊन येतात. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं फुटलेली, चौकट तीच!

अरे, गॅब्रिएल क्रेमरने १७५० साली जो नियम छापला त्यात एक्स काढायला डी-एक्सला डीने भागायचं असतं, वाय-झेडचंही तसंच. डी शून्य झाला की नियमाचं काम संपलं, पुढे त्याच्या नावावर काहीही खपवू नये. मुकाट्याने समीकरणांच्या ओळी, लागेल तिथे पटीत घेऊन, एकमेकींतून वजा करत जा. ‘० = १’ छापाची ओळ निघाली की उकल नाही. तशी न निघता, ‘० = ०’ झालेल्या सोडून, कामाच्या ओळी तीनपेक्षा कमी उरल्या, तर अनंत. रँक म्हणतात ती या कामाच्या ओळींची संख्याच. दोनच किंवा पाचच उकली कधी येत नाहीत, कारण दोन सापडल्या की त्यांना जोडणाऱ्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू उकलच असतो.

हां, दोन चलांत ती चौकट चालते, दहावीत सहगुणकांची गुणोत्तरं ताडून बघतो तीही तेच सांगतात. शिवाय डी शून्य आणि बाकी तिघांपैकी एक जरी शून्य नसला तर उकल नाही, एवढं सरांचंही बरोबर होतं. उजवीकडे सगळे शून्यच असतील तर मात्र डी शून्य दिसताच बिनधास्त ‘अनंत’ लिही. एरवी ओळी वजा करायला दोन मिनिटं लागतात, सर काहीही म्हणोत.