ट्रंकेतल्या रेकॉर्डी आणि टिळकवाडीतला बँड

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत तीस-चाळीस जुन्या रेकॉर्डी सापडल्या. काहींवर बुरशीचे पांढरे डाग आहेत. शेजाऱ्यांच्या फोनोवर, म्हणजे जुन्या ग्रामोफोनवर, एक लावून पाहिली. तिची मागची बाजू कोरीच आहे आणि गाणं संपताना गाणारी बाई इंग्रजीत आपलं नाव सांगते. ती सदोष आहे का? मुलगा म्हणतो, सगळ्या स्पिरिटनं पुसू. विकल्या तर काय येईल?
— एक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, आधी मुलाच्या हातातली स्पिरिटची बाटली काढून घ्या. या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. अकरावीत असताना शहापुरातल्या आमच्या घरी अब्दुल करीम खाँसाहेबांची एक रेकॉर्ड मी अशीच पुसली. फडकं काळं झालं, मला वाटलं मळ निघाला. वडील दारातनंच ओरडले, "पुसालास की घासालास रे?" उजेडात धरली तर दोन बोटं रुंदीचा पट्टा तव्यासारखा मंद झालेला. तेवढ्या जागी खाँसाहेब नाहीत, नुसती खरखर आहे. ती रेकॉर्ड मी अजून जपून ठेवली आहे.

तुम्ही डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीत घालतात ते. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मलमलीचा तुकडा पिळून रेघांच्या दिशेनं गोल फिरवा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसून लगेच टिपा. लेबलला पाणी लागू देऊ नका, रेकॉर्ड बुडवून ठेवू नका. बुरशीचं काम अंगणात, नाकाला रुमाल बांधून. वाळल्यावर प्रत्येकीला नवं कागदी पाकीट करा आणि त्या उभ्या ठेवा. थप्पी लावली की खालच्यांना तडे जातात. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा! ओल येणाऱ्या भिंतीपासून त्या लांब असू द्या.

फोनोवर लावताना दर बाजूला नवी पिन. ट्रंकेत एखादी प्लास्टिकची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी नंतरची रेकॉर्ड, असेल तर ती मात्र फोनोवर लावू नका. पिन धरणाऱ्या त्या जड साउंड बॉक्सखाली तिच्या रेघा एका वाजवण्यात खरवडून निघतात.

आता ती कोरी बाजू. रेकॉर्ड सदोष मुळीच नाही. सुरुवातीच्या रेकॉर्डी एकाच बाजूला छापत, म्हणजे बहुधा ट्रंकेतली सगळ्यात जुनी तीच. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा इथं गाणं घेऊन रेकॉर्डी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवत. तिथल्या कामगारांना ना भाषा कळायची ना गाणाऱ्याचं नाव. म्हणून गाणं संपलं की कलाकार स्वतःच नाव सांगायचे. १९०८ साली कोलकात्यात कारखाना निघाला आणि छपाई इकडे होऊ लागली. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. एवढ्यात राग मांडायचा आणि शेवटी नावही सांगायचं! ते नाव ऐकताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

किमतीचं न बघता सांगणं बरं नाही. विकायचा हक्क तुमचा आहे, पण त्याआधी घरच्यांना बसवून सगळ्या एकदा ऐका आणि जाणकाराकडून त्यांतला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. एकगठ्ठा वजनावर देऊ नका.

प्रश्न : आम्ही चौघं स्वतःची गाणी करतो, काही मराठी, काही कन्नड. हॉटेलवाले म्हणतात, फक्त सिनेमातली वाजवा. वाजवायचं कुठं? आणि दोन भाषा एकत्र चालतील का?
— एक विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : चालतील का काय विचारतोस, बाळा? मल्लिकार्जुन मन्सूर कन्नड संतांची वचनं गायचे आणि मराठी श्रोता त्यांच्यापुढे मांडी घालून बसायचा. भीमसेनजींचे अभंग आपण ऐकतो तशी त्यांची कन्नड दासरपदंही ऐकतो. कुमार गंधर्व जन्मले सुळेभावीला, बेळगावच्या अगदी जवळ. या मातीत गाण्याला कुणी भाषेचा दाखला मागितलेला नाही. तुम्हीही मागू देऊ नका.

हॉटेलचा नाद सोडा. तिथं लोक जेवायला येतात. कुणाच्या तरी घरची मोठी खोली किंवा गच्ची बघा, तीस-चाळीस माणसं बसतील एवढी. गच्चीवर स्पीकर लावणार असाल तर परवानगी आधी काढा, आणि रात्री १० नंतर तो चालणार नाही. साडेसहाला सुरू करा, नऊला संपवा. दारात डबा ठेवा, पण फुकट कुणाला बोलावू नका. रक्कम आधी सांगा, पन्नास का होईना. साउंडवाल्याचे पैसे त्यातून पहिले द्या. आपली गाणी एका दमात, एका खोलीत वाजवून रेकॉर्ड करून ठेवा, चुका राहिल्या तरी राहू देत. एलपी काढायची घाई मात्र नको. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं लागतात; तेवढी गाणी लोकांसमोर घासून निघू देत.

तारीख ठरली की कळव. सतरंज्या माझ्या घरून न्या.