इंग्लंडमध्ये लीगल असिस्टंट व्हायचंय? आधी सनद हातात घे

तुझे प्रश्न थोडक्यात असे होते: पुण्यात बीएसएल एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, घर सांगलीला. २०२६ च्या सप्टेंबरात इंग्लंडला एलएलएमसाठी यायचं, मग सॉलिसिटरच्या, म्हणजे तिथल्या वकिलाच्या, हाताखाली लीगल असिस्टंटची नोकरी धरायची आणि पुढे सॉलिसिटर व्हायचं. हे जमेल का? भारतातल्या वकिलीच्या सनदेसाठी थांबू की सरळ निघू? ही नोकरी म्हणजे नुसती कारकुनी तर नाही? आणि बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढावं का?

मी लेस्टरमध्ये सॉलिसिटर आहे. सुरुवात लीगल असिस्टंट म्हणूनच केली आणि आता आमच्या ऑफिसात नवे असिस्टंट घेताना मुलाखतीला बसते. तू ताई म्हणून विचारलंस, तर धाकट्या बहिणीला सांगेन तसंच सांगते.

सगळ्यात आधी महिन्यांचा हिशेब मांड, कारण एजंट तो कधीच मांडून दाखवत नाहीत. एलएलएम झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. त्यावर कुठेही नोकरी करता येते, स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी हमी घेणारी कंपनी, लागत नाही. हा व्हिसा दोन वर्षांचा होता, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना तो अठराच महिन्यांचा मिळणार आहे. तू २०२६ च्या सप्टेंबरात आलीस तर तुझा अर्ज २०२७ च्या उत्तरार्धात जाईल, म्हणजे तुझ्या वाट्याला अठरा महिने. आता दुसरी बाजू बघ. सॉलिसिटर होण्यासाठी एसआरए ही इथली सॉलिसिटरांची नियामक संस्था पदवी, एसक्यूई या पात्रता परीक्षेचे वन आणि टू असे दोन टप्पे आणि चारित्र्याची खात्री तर मागतेच, शिवाय दोन वर्षांचा पूर्णवेळ कायदेविषयक कामाचा अनुभव मागते. त्याला इथे सगळे क्यूडब्ल्यूई म्हणतात. अठरा महिन्यांत चोवीस महिने बसत नाहीत. तुझी सगळी आखणी या फरकाभोवती झाली पाहिजे.

पुढे फर्म स्पॉन्सर करेल, असं तुला सांगितलं गेलंय. त्याचेही आकडे बघ. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, आणि नव्याने नोकरीत येणाऱ्या पदवीधरांना सवलत धरून ३३,४००. पद पदवीधर पातळीचं हवं, हा नियमही त्याच वेळी कडक झाला. इथलं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाचे २४,८०० च्या आसपास होतात, आणि लंडनबाहेर नव्या असिस्टंटचा पगार याच्या थोडासाच वर असतो. मधली दरी कुठलीही छोटी फर्म केवळ तू हुशार आहेस म्हणून भरून काढणार नाही. सॉलिसिटर म्हणून पात्र झालेल्या माणसासाठी मात्र ती भरून निघू शकते. म्हणून अठरा महिने संपायच्या आत पात्र होणं, किंवा निदान त्याच्या उंबरठ्यावर असणं, हे तुझं लक्ष्य.

आणि त्यासाठीच सनद. तुझ्या देशात वकिली करायचा हक्क तुझ्याकडे असेल, तर एसआरए तुला पात्र वकील धरते आणि दोन वर्षांच्या क्यूडब्ल्यूईची अट तुला लागत नाही. एसक्यूई मात्र द्यावीच लागते. अनुभव दाखवून अर्ज केला तर काहींना एसक्यूई टू मधून सूट मिळते, पण त्या भरवशावर राहू नकोस. नुसती एलएलबी घेऊन आलेली मुलगी आणि सनद घेऊन आलेली मुलगी एकाच टेबलावर एकच काम करतात, पण एकीला चोवीस महिने भरायचे असतात आणि दुसरीला फक्त परीक्षा पास व्हायचं असतं. एवढा मोठा फायदा भारतात काही महिने जास्त थांबून मिळत असेल तर तो सोडण्यात शहाणपण नाही. एलएलएमचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा लागला तरी ढकल.

निकाल लागला की लगेच बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणीचा अर्ज कर. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी फी कायद्यात लिहिलेल्या रकमेवर आणून ठेवली, खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, तेव्हा जास्त कोणी मागितलं तर कशाचे ते लेखी विचार. नोंदणीवर थांबू नकोस, एआयबीई ही वकिलीची अखिल भारतीय परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस हातात घे. कोणी सनद तात्पुरती म्हटली की इथे प्रश्न उभे राहतात. आणखी एक: पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते, हा आपल्याकडचा नियम आहे. तो पाळ आणि त्याची पोच जपून ठेव. पुढे एसआरए तुझ्या बार कौन्सिलकडून आचरण चांगलं असल्याचं प्रमाणपत्र मागते, आणि ते इथे बसून फोनवर मिळवताना माणूस रडकुंडीला येतो.

सनदेची वाट बघताना सांगलीत एखाद्या चांगल्या दिवाणी वकिलाकडे ज्युनियर म्हणून बस. तारखांना जा, वादपत्र वाच, खरेदीखताचा मसुदा कर. मुंबई-पुण्यातल्या एलपीओत, म्हणजे परदेशी फर्मची कायद्याची कामं इथून करून देणाऱ्या कंपनीत, इंग्लिश फर्मचं काम मिळालं तर तेही उत्तम, आणि तिथे एक गोष्ट बघून ठेव. क्यूडब्ल्यूई परदेशात केलेला चालतो, पण त्यावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरनेच किंवा फर्मच्या अनुपालन अधिकाऱ्याने सही करावी लागते. वर देखरेखीला तसा सॉलिसिटर असेल तर तुझे पुण्यातले महिनेही मोजले जातील. चार संस्थांपर्यंत अनुभव जोडता येतो. विद्यापीठाच्या लॉ क्लिनिकमधलं, म्हणजे विद्यार्थी चालवतात त्या मोफत सल्ला केंद्रातलं, किंवा सिटिझन्स ॲडव्हाइससारख्या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेतलं विनामोबदला कामही धरतात. फक्त स्टुडंट व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, ती एका तासानेही ओलांडू नकोस.

परीक्षेबद्दल थोडं. एसक्यूई वनमध्ये दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, पाचातला सर्वांत योग्य पर्याय निवडायचा. पहिल्या टप्प्यात निम्म्याच्या आसपासच मुलं पास होतात. सहा वर्षांत तीन प्रयत्न. दोन्ही परीक्षांची फी मिळून ४,९०० पौंडांच्या घरात जाते. एसक्यूई वन भारतातल्या केंद्रावरही देता येते, आणि तू ती तिथूनच देऊन यावीस असं माझं ठाम मत आहे. तोंडी भाग असलेल्या एसक्यूई टूसाठी मात्र इथे यावंच लागतं. आपल्या मुलांना वाटतं की आपला करार कायदा इंग्लिशच आहे, सोपं जाईल. तिथेच पाय घसरतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात मोबदला त्रयस्थाकडून आला तरी चालतो आणि आधी केलेल्या कामाचाही मोबदला धरतात. इथे नियम उलटा आहे. ट्रस्ट आणि इक्विटीला आपण कॉलेजात एक विषय म्हणून उरकतो, इथे ते घराच्या व्यवहारात, मृत्युपत्रात, घटस्फोटात, सगळीकडे आहे. अभ्यासाचे अर्धे तास तिथे घाल.

आता कारकुनीचा प्रश्न. हा तू जरा दबकत विचारलास, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जे रोज होतं तेच सांगते.

आमच्याकडे घरखरेदीची कामं बरीच येतात. समज, नाशिकचं एक जोडपं लेस्टरमध्ये पहिलं घर घेतंय आणि डिपॉझिटातले पंधरा हजार पौंड मुलाच्या वडिलांनी पाठवलेत. मनी लाँडरिंगच्या नियमांप्रमाणे हे पैसे कुठून आले ते दाखवल्याशिवाय फर्म व्यवहार पुढे नेऊ शकत नाही. ही फाईल असिस्टंटच्या टेबलावर येते. वडिलांनी एफडी मोडली असेल तर पावती, ती रक्कम ज्या खात्यात आली त्याचं स्टेटमेंट, परदेशी पाठवल्याची बँकेची कागदपत्रं, आणि हे पैसे भेट आहेत, घरावर माझा हक्क नाही, असं वडिलांचं सहीचं पत्र. स्टेटमेंटमध्ये मध्येच चार लाख रोख जमा दिसले तर ते कशाचे, हे विचारायचं. नाशिकच्या काकांना फोनवर हे मराठीत समजावून सांगणं, त्यांना आपल्यावर संशय घेतला जातोय असं न वाटू देणं, आणि मग त्या बोलण्याची नोंद इंग्रजीत अशी लिहिणं की उद्या तपासणीला कोणी आलं तर फाईल स्वतः बोलली पाहिजे. हे काम चोख झालं नाही तर सॉलिसिटरची सनद धोक्यात येते. याला मी कारकुनी म्हणत नाही.

त्याच फाईलवर लोकल अथॉरिटी, पाणी-ड्रेनेज आणि पर्यावरणाचे सर्च, म्हणजे चौकशीचे अहवाल, मागवायचे. लँड रजिस्ट्रीचा, म्हणजे मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, उतारा वाचून सीमा, बोजे, रस्त्याचे हक्क टिपायचे. सातबारा आणि तीस वर्षांचा सर्च ज्याने मन लावून पाहिलाय त्याला इथला उतारा लवकर कळतो, फक्त इथे नोंद झालेल्या मालकीला सरकारची हमी असते. व्यवहार पूर्ण होण्याचा दिवस बहुधा शुक्रवार. त्या दिवशी सकाळपासून फोन आणि बँकेवर नजर. समोरच्या फर्मला पैसे पोचले, त्यांनी दुजोरा दिला, की एस्टेट एजंटला किल्ल्या द्यायला सांगायचं. पुढे चौदा दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र, आणि लँड रजिस्ट्रीच्या सर्चने दिलेल्या तीस कामाच्या दिवसांत नोंदणीचा अर्ज. या तारखा डायरीत टाकणं आणि त्या चुकू न देणं असिस्टंटकडे असतं.

दावे लढवणाऱ्या विभागात गेलीस तर कागदांचे बंडल करशील. शेकडो पानांची एकच पीडीएफ, अनुक्रमणिका, बुकमार्क, पानांचे आकडे पीडीएफच्या आकड्याशी जुळणारे. न्यायाधीश पान २१४ म्हणाले की सगळ्यांचं २१४ एकच हवं. शरीराला इजा झाल्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत, कराराच्या दाव्याला सहा. आणि सगळीकडे, अगदी सगळीकडे, वेळेची नोंद सहा-सहा मिनिटांच्या एककात. पहिले काही आठवडे त्याने जीव नकोसा होतो, नंतर बोटं आपोआप चालतात.

अशी फाईल हातात देणारी जागा शोध. मोठ्या शहरी फर्मच्या नावाला भुलून नुसतं स्कॅनिंग आणि डेटा भरण्याच्या कामावर गेलेली एक मुलगी मला माहीत आहे. वर्षानंतर तिने अनुभवाची सही मागितली तेव्हा सॉलिसिटरने सांगितलं की सही करण्याजोगं काम तुझ्याकडे नव्हतंच. म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचार: माझ्या कामावर देखरेख कोण करणार, क्यूडब्ल्यूई म्हणून सही मिळेल का, अशिलाशी मी थेट बोलणार का. चांगली फर्म या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होते. सनद असली तरी हे विचार, कारण पुढची नोकरी या कामाच्या जोरावरच मिळते. आणि पहिल्या आठवड्यापासून केलेल्या कामाची वही ठेव, अशिलाचं नाव न लिहिता.

अर्ज कसा करायचा? लॉ सोसायटीच्या संकेतस्थळावर फर्म शोधायची सोय आहे. लेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, लंडनमधलं हॅरो, वेंबली, हाउन्स्लो, इथल्या मध्यम आणि छोट्या फर्मची यादी कर. आपल्या लोकांची वस्ती असलेल्या भागात हिंदी, गुजराती बोलणारी व्यक्ती त्यांना खरोखर हवी असते. सीव्ही दोन पानांचा. त्यात मूट कोर्टची बक्षिसं खाली जाऊ देत, वर हे येऊ दे की तू किती खरेदीखतांचे मसुदे केलेस आणि कुठल्या दाव्यांत वादपत्र लिहिलंस. सोबतचं पत्र साधं, आदराच्या लांबलचक सलामीशिवाय, एका पानात. नोकरी किंवा स्पॉन्सरशिपसाठी कोणी पैसे मागितले तर त्याच क्षणी बोलणं बंद कर, मग तो माणूस कितीही गावाकडचा निघो.

सॉलिसिटर होण्याशिवायही रस्ते आहेत. सायलेक्स या व्यावसायिक संस्थेमार्फत लीगल एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एका शाखेत तयार झालेला वकील, होता येतं, घरखरेदीचंच काम आवडलं तर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर होता येतं. दोन्ही सन्मानाची कामं आहेत. पण व्हिसाच्या घड्याळावर तुझ्यासाठी सनद अधिक एसक्यूई हाच जवळचा रस्ता.

राहिला कर्जाचा विषय. एसक्यूईसाठी एलएलएम लागतच नाही, हे बाबांना आधी सांग. एलएलएम तुला व्हिसा आणि ओळखी देतो, म्हणून करायचाच असेल तर एसक्यूईची तयारी आणि लॉ क्लिनिक दोन्ही असलेला निवड. फी पंधरा हजारांपासून पस्तीस हजार पौंडांपर्यंत कुठेही असू शकते. लंडनबाहेर नऊ महिन्यांच्या खर्चासाठी १०,५३९ पौंड खात्यात दाखवावे लागतात, लंडनमध्ये १३,७६१. आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६. लंडनबाहेरचा मध्यम हिशेब धरला तरी चाळीस लाखांच्या आसपास जातो. असिस्टंटच्या पगारातून भाडं, बस, जेवण जाऊन त्याचा हप्ता निघणं कठीण आहे. म्हणून घर तारण ठेवू नका. सनद झाली, एसक्यूई वन भारतातून पास झालीस आणि निम्मी रक्कम बचत किंवा शिष्यवृत्तीतून उभी राहिली, तर उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायला हरकत नाही. यातलं पहिलंच झालं नसेल तर २०२६ सोड, २०२७ ला ये. सीव्ही तयार झाला की मला पाठव, मी लाल पेनाने तपासून देईन.