जुन्या स्प्लेंडरच्या चासीवर हाताने इलेक्ट्रिक मोटारसायकल बनवायची तर मोटर किती वॅटची घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की स्प्लेंडरची चासी हाताशी आहे, डिझाइनचं शिक्षण झालंय, वेल्डिंग येतं, पण विजेचं काम घरच्या बोर्डापलीकडे केलेलं नाही. शहरात रोज ६०-७० किलोमीटर फिरता येईल अशी गाडी हवी आहे आणि मोटर किती वॅटची घ्यायची ते विचारलंय. माझ्या मते मोटर सगळ्यात शेवटी ठरवा. आधी वेग, त्यावरून वीज, विजेवरून बॅटरीची पेटी, पेटीवरून गाडीचा आकार. उलट्या क्रमाने गेलं की टाकी सुंदर बनते आणि बॅटरी सीटखाली कोंबावी लागते.

गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरा. सपाट रस्त्यावर एकसारखं ४० च्या वेगाने गेलात तर किलोमीटरला साधारण २५ वॅट-तास लागतात, ६० ला ४२ आणि ८० ला जवळजवळ ६८. सरळ बसलेल्या स्वारावर आदळणारा वारा हे त्याचं कारण. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. सिग्नल, गतिरोधक धरून शहरात ३५ चा हिशोब ठेवा. ७० किलोमीटरला २,४५० वॅट-तास होतात. बॅटरी कधी पूर्ण रिकामी करायची नाही आणि ती जुनी होत जाणार, म्हणून ३ किलोवॅट-तासाची घ्या.

आता व्होल्टेज. यूट्यूबवर सगळे ७२ व्होल्टच्या मागे असतात. पहिल्या गाडीला मी ते सुचवणार नाही. डीसी ६० व्होल्टच्या वर गेलं की अंगाला धोका सुरू होतो, आणि ७२ चा पॅक (सेल जोडून बनवलेली बॅटरी) पूर्ण भरल्यावर ८४ ते ८८ व्होल्ट दाखवतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल एकापुढे एक जोडले तर नाममात्र ५१.२ आणि पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्ट, म्हणजे साठच्या आत. ६० अँपिअर-तासाचे १६ सेल घेतले की ३.०७ किलोवॅट-तास होतात. या रसायनात त्याच वजनाला वीज कमी मावते, पण ते निकल-मँगनीज-कोबाल्टच्या लिथियम सेलपेक्षा बरंच उशिरा भडकतं. हाताने बांधलेल्या पॅकमध्ये मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. पेटीसकट वजन २७-३० किलो धरा.

सेल घेताना फसवणूक इथे होते: सोलरसाठीचे सेल स्वस्त मिळतात, पण त्यांतले बरेच क्षमतेच्या निम्म्या किंवा जेमतेम तेवढ्याच करंटसाठी बनवलेले असतात. तुमचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा डबा, ८० अँपिअर ओढणार, म्हणजे ६० च्या सेलमधून क्षमतेच्या सव्वापट ते दीडपट. डेटाशीटमध्ये सलग डिस्चार्जचा आकडा क्षमतेच्या किमान दुप्पट असलेलाच सेल घ्या. डेटाशीट नसलेला सेल घेऊच नका. प्रत्येकाचा अंतर्गत रोध त्यासाठीच्या खास मीटरने मोजा, साध्या मल्टिमीटरने तो कळत नाही. इतरांपेक्षा दीडपट रोधाचा एक जरी निघाला तरी परत करा. पॅक त्या एका सेलइतकाच चालतो. एकापुढे एक जोडण्याआधी सगळे सेल समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून ३.६५ व्होल्टवर भरा आणि करंट जवळजवळ शून्यावर येईपर्यंत थांबा. हे टाळलं तर बीएमएसला (सेलांवर नजर ठेवणाऱ्या सर्किटला) समतोल साधायला आठवडे लागतात आणि तोवर रेंज कमी मिळते. मग तुम्ही मोटरला दोष देत बसता.

पेटी हे तुमच्या हातातलं काम आहे. सेल येण्याआधी त्यांच्या मापाचे प्लायवूडचे सोळा ठोकळे कापा आणि इंजिनच्या जागेत लावून बघा. वजन जितकं खाली आणि इंजिन होतं तिथेच, तितकी गाडी वळायला बरी. चासी सोलण्याआधी दोन वजनकाट्यांवर पुढचं आणि मागचं चाक ठेवून मूळ वाटणी लिहून ठेवा. नवी गाडी त्याच्या जवळपास आली पाहिजे. पेटी २ मिलिमीटर ॲल्युमिनियमची चालेल, पण आतून १.५ मिलिमीटरचा ग्लास-इपॉक्सी पत्रा सगळीकडे लावा, प्रत्येक दोन सेलांच्या मध्येही. या सेलांचं ॲल्युमिनियमचं कवच विजेच्या दृष्टीने कोरं नसतं. त्यावरचं निळं प्लास्टिक कंपनांनी घासून फाटलं की दोन कवचं एकमेकांना किंवा पेटीला टेकतात आणि तिथून ठिणगी सुरू होते. सेलच्या डोक्यावरची सुरक्षा झडप कधी खाली करू नका. तिच्यावर १० मिलिमीटर मोकळी जागा आणि वायू बाहेर जायला स्वाराच्या पायापासून लांब वाट हवी. पावसासाठी केबल ग्लँड (केबल आत घ्यायच्या पाणीबंद बुचा) पेटीच्या खालच्या बाजूला घ्या, वायर आधी खाली वळवून मग वर न्या, आणि हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा एक व्हेंट प्लग बसवा. हवाबंद पेटी गरम होऊन गार झाली की आत दमट हवा ओढते. कोकणात एका पावसाळ्यात बसबारवर, म्हणजे सेल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, हिरवं चढतं.

स्प्लेंडरची चासी डबल क्रेडल आहे, म्हणजे इंजिन काढल्यावरही खालच्या नळ्या राहतात. हे तुमचं नशीब. जुन्या बुलेटसारख्या गाडीत इंजिनच चासीचा भार घेतं. ते काढून नुसती पेटी लटकवली तर चासी पिळवटते. तरीही स्प्लेंडरची पेटी मूळ इंजिनच्या बोल्टांवरच घट्ट बसवा, कारण इंजिन तिथे थोडा आधार देतच होतं. हँडलच्या मुंडीवर आणि चासी नंबरच्या आसपास वेल्डिंग नको. इतरत्र वेल्डिंग करताना बॅटरी आणि कंट्रोलर गाडीवरून उतरवलेले असू देत. वेल्डिंगचा परतीचा करंट कुठून जाईल सांगता येत नाही.

आता मोटर. चाकातली हब मोटर बसवायला सोपी, पण मागच्या चाकावर १५-२० किलो वाढवते. स्प्लेंडरचे मागचे शॉक त्यासाठी बनलेले नाहीत, खड्ड्यात चाक उड्या मारतं. शिवाय रिजनरेशन (ब्रेक मारताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) चालू असेल तर ॲक्सल पुढे-मागे झटके खाऊन नट सैल करते, म्हणून दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सल फिरू न देणाऱ्या पट्ट्या लागतात. मी मधली, म्हणजे चासीत बसून चेनने चाक फिरवणारी मोटर घेईन, सलग ३ किलोवॅटची. तुम्ही विचारलेला आकडा हाच. सपाटीवर ६० च्या वेगाला बॅटरीतून २.५ किलोवॅट पुरतात, आणि ८ टक्के चढावर ३५ च्या वेगालाही तेवढेच लागतात. ५१.२ व्होल्ट गुणिले ८० अँपिअर म्हणजे ४.१ किलोवॅट. एवढ्यावर भागतं.

स्प्रॉकेटचा हिशोब स्वतः करा, दुकानदारावर सोडू नका. मागचं ८०/१००-१८ टायर एका फेऱ्यात १.९४ मीटर जातं. ६५ किलोमीटर वेगाला चाकाचे मिनिटाला ५५८ फेरे होतात. मोटर या व्होल्टेजला ३,००० फेरे देत असेल तर एकूण गुणोत्तर ५.४, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे ५.४ फेरे. मोटरमध्येच २.३५ चा गिअर असेल, क्यूएस १३८ या मोटरच्या एका प्रकारात असतो, तर चेनला उरतात २.३. पुढे १४ दाते, मागे ३२. मागे ४३ दात्यांचं स्प्रॉकेट तसंच ठेवलंत तर गाडी ४८ च्या पुढे जाणार नाही. चढ मात्र मजेत चढेल. मोटरचं स्प्रॉकेट इंजिनचं होतं त्याच जागी आणा. ते स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खिळीपासून लांब गेलं की शॉक दबताना चेन कधी ताणते, कधी लोंबते. दोन्ही स्प्रॉकेटवर सरळ पट्टी टेकवून बघा, एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

वायरिंगमध्ये घाई केली की कंट्रोलर जळतो. बॅटरी ते कंट्रोलर आणि कंट्रोलर ते मोटर, दोन्हीकडे २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक केबल. मोटरच्या तीन वायरींतून बॅटरीपेक्षा दोन-तीनपट करंट जातो, म्हणून त्या बारीक घ्यायच्या नाहीत. लग, म्हणजे केबलच्या टोकाची तांब्याची टोपणं, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. हातोडीने ठोकलेला किंवा नुसता डाग दिलेला लग कंपनांनी सैल पडून तापतो. बॅटरीच्या प्लसला लागूनच, पेटीच्या आत, १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही. डीसीचा करंट एसीसारखा पुन्हा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे आत ठिणगीची कमान पेटून तो वितळतो. त्यापुढे कॉन्टॅक्टर (चावीने चालणारा जड करंटचा स्विच), आणि त्याला समांतर १०० ओहम, १० वॅटचा रोधक स्विचसह. कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना थेट जोडलं तर शेकडो अँपिअरचा झटका बसतो आणि कॉन्टॅक्टर चिकटतो. चिकटलेला कॉन्टॅक्टर चावी काढल्यावरही चालूच राहतो. आधी दोन सेकंद रोधकातून भरू द्या, मग कॉन्टॅक्टर ओढा.

बीएमएस १०० अँपिअरचा असेल तर कंट्रोलरची बॅटरी मर्यादा ८० ला बांधा. उलट झालं की ओव्हरटेक करताना बीएमएस वीज तोडतो आणि ट्रकच्या शेजारी गाडी मरते. रिजनरेशनचं दुखणं वेगळं: पॅक पूर्ण भरलेला असताना उतारावर ब्रेक मारला, बीएमएसने जास्त व्होल्टेज बघून वाट बंद केली, की मोटरमधून येणारी वीज कंट्रोलरवरच आदळते. चेनच्या गाडीत रिजनरेशन अगदी मंद ठेवा. भरलेल्या पॅकवर बंदच. मुठीचा सिग्नल साधारण ०.८ ते ४.२ व्होल्टचा असतो. मुठीची काळी वायर तुटली तर सिग्नल ५ व्होल्टकडे पळतो आणि कंट्रोलरला वाटतं मूठ पूर्ण पिळली आहे. ४.५ च्या वर चूक धरणारी सेटिंग चालू करा. ब्रेकच्या दोन्ही लिव्हरना मोटर तोडणारे स्विच लावा. हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरच्या) बारीक वायरी जाड वायरींपासून लांब न्या, नाहीतर गाडी धक्के देत निघते.

टाकीच्या जागी फायबरचं कवच करणार असाल तर साचा थर्मोकोलचा नको. पॉलिस्टर रेझिन त्याला खाऊन टाकतं. पीयू फोम घ्या किंवा इपॉक्सी वापरा. कंट्रोलर त्या कवचात दडवायचा मोह होईल. तो वाऱ्यात, ५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पट्टीवर, थर्मल पेस्ट लावून बसवा.

आता कायदा, कारण वर्षभर खपून गाडी घरात उभी राहू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलात बदल होईल असा फेरफार मनाने करता येत नाही. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायची तर एआयएस-१२३ या वाहन-मानकाखाली मान्यता मिळालेलं किट लागतं. त्याच्या चाचण्या पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट ही चाचणी संस्था करते. घरी बांधलेल्या एकट्या गाडीला ही मान्यता परवडत नाही. स्प्लेंडरसाठी ठाण्याच्या गोगोए१ या कंपनीने मान्यताप्राप्त किट बाजारात आणलं होतं. रस्त्यावरच फिरायचं असेल तर असं किट अधिकृत ठिकाणी बसवून घ्या, आरसीवर इंधनाची नोंद बदला, विमा कंपनीला कळवा, आणि तुमची कला सीट-पॅनेलपुरती ठेवा. वर लिहिलेली गाडी खासगी जागेसाठी किंवा प्रदर्शनासाठी. तिसरी वाट: २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी, बॅटरी सोडून ६० किलोच्या आतली पेडलची सायकल. तिला नोंदणी लागत नाही, आणि डिझाइनला तिच्यात मोकळीक भरपूर आहे.

पहिल्यांदा वीज देताना मागचं चाक उचललेलं असू दे, हातात अंगठी-कडं नको. आधी मल्टिमीटरने बॅटरीचं प्लस ते चासी आणि मायनस ते चासी व्होल्टेज बघा. दोन्हीकडे शून्याच्या आसपास आलं पाहिजे. काही व्होल्ट ठाम दिसत असतील तर कुठेतरी वायर सोलली आहे, शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावायचा तर बीएमएस आणि कंट्रोलर सुटे करून. मग करंट मर्यादा २० अँपिअरवर ठेवून कंट्रोलरला हॉल सेन्सर आपोआप शिकू द्या. पहिल्या ५० किलोमीटरनंतर पेटी उघडून प्रत्येक बसबारचा नट सेल बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला पुन्हा तपासा आणि मार्करने रेघ मारा. ५०० ला परत उघडा, रेघ सरकलेला नट लगेच दिसतो.