‘गाईज’ हा शब्द आला कुठून? मुलींनाही चालतो का?

नाशिकला कॉलेज रोडवर मुलींचा घोळकाही एकमेकींना ‘गाईज’ म्हणतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

शब्दाच्या मुळाशी एक माणूस आहे, गाय फॉक्स. १६०५ मध्ये लंडनचं पार्लमेंट बंदुकीच्या दारूने उडवायचा कट शिजला आणि ५ नोव्हेंबरला त्या कटातला हा फॉक्स तळघरात रंगेहाथ सापडला. पुढे त्या तारखेला त्याचे पुतळे जाळायची प्रथा पडली. पुतळ्याच्या अंगावर जुनेपाने कपडे, म्हणून १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये ‘गाय’ म्हणजे विचित्र कपड्यांतलं ध्यान! क्रियापद म्हणून वापरला तर अर्थ खिल्ली उडवणे. अमेरिकेत मात्र त्यातली कुचेष्टा गळून गेली आणि कुठलाही पुरुष ‘गाय’ झाला. २० व्या शतकात ‘यू गाईज’मध्ये बायकाही आल्या.

तेव्हा मैत्रिणींना हाक मारताना खुशाल वापरा. एकवचनी ‘गाय’ अजून पुरुषच, आणि काही जणींना अनेकवचनही खटकतं. त्यांचा मान ठेवावा.

तंबूच्या ‘गाय रोप’शी याचा संबंध नाही. कुंभात साधुग्रामातल्या तंबूंना लावतात ते तणावे, तोच हा दोर. त्याचं मूळ वेगळं.