कंबरदुखीसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पेनकिलर घेतो. किडनीला धोका आहे का?

वय 38, बीपी-शुगर नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे उद्याच किडनी जाईल असं नाही. पण "अजून तरी काही त्रास नाही" या तुमच्या वाक्याशी मी अडखळलो. किडनी दुखत नाही हो. निम्मं काम थांबेपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) बऱ्याचदा नॉर्मलमध्येच दिसतं.

माझं सोलापूर जिल्ह्यात मेडिकलचं दुकान आहे. अंगदुखीची गोळी कुणी नावाने मागत नाही. "मागच्या वेळची ती पिवळी द्या," नाहीतर पाकिटाचा कापलेला तुकडा पुढे करतात, ज्यावर नेमकं नावच नसतं.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही एकाच घराण्यातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होणं ती रोखतात, म्हणून दुखणं थांबतं. पण किडनीत रक्त आत नेणारी बारीक नळी अडचणीच्या वेळी उघडी ठेवायचं काम याच प्रोस्टाग्लँडिनचं. पाटाला भरपूर पाणी असताना दार थोडं खाली आलं तरी पीक तगतं. उन्हाळ्यात तेच दार खाली आलं की शेवटचं वावर वाळतं.

हे मी घरात पाहिलं. वडील 67 वर्षांचे, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू. वारीला निघाले तेव्हा गुडघ्यांसाठी असिक्लोफिनॅकचं पाकीट मीच त्यांच्या पिशवीत घातलं. सकाळ-संध्याकाळ एक, आठ दिवस. वाटेत लघवीची अडचण नको म्हणून पाणी बेतानं, त्यात जुलाब. पाय सुजले, लघवी कमी झाली. क्रिएटिनिन 1.1 होतं ते 3.9. एक गोळी अंगातलं पाणी कमी करते, टेल्मिसार्टन किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं, पेनकिलर आत येणारी आवळते. मग गाळणीला दाब राहणार कुठून? डॉक्टरांनी तिन्ही थांबवल्या, सलाइन लावलं. तीन आठवड्यांनी 1.4 वर आलं, पुन्हा 1.1 काही झालं नाही. औषधं विकून पोट भरणाऱ्या मुलाला हे सुचायला हवं होतं.

डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस हे औषध गिधाडापेक्षा कितीतरी चांगलं पचवतो, तेव्हा घाबरवायला सांगत नाही. पण घाव कुठे बसतो ते कळतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासून घ्या. जुलाब, उलट्या, कडक उपास किंवा दिवसभर उन्हात काम असेल त्या दिवशी या गटातली गोळी नकोच. किडनीच्या दृष्टीने पॅरासिटामॉल बरं, पण तेही ठरलेल्या मात्रेतच, जास्त झालं तर लिव्हरला बाधतं. शिवाय बाजारात पॅरासिटामॉल आणि असिक्लोफिनॅक एकत्र असलेल्या गोळ्या ढिगाने आहेत, त्यामुळे पुढचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. आणि आठवड्यातून चारदा गोळी लागते तर कंबर एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

वडिलांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. कुणीही कसलीही गोळी दिली की ते पाकीट घेऊन दुकानात येतात आणि गिऱ्हाइकांसमोरच विचारतात, "ह्यात फिनॅक हाय का रं?"