करवंदांचा जॅम वर्षभर कसा टिकवावा?

प्रश्न : खानापूरच्या माहेराहून दर मे महिन्यात टोपलीभर करवंदे येतात. त्यांचा जॅम पावसाळ्यात बुरसतो. काय करावे? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, जॅमसाठी इतके अनुकूल फळ क्वचितच मिळते, कारण पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) आणि आंबटपणा करवंदांत मुळातच भरपूर असतो; पिकलेल्या फळांत थोडी अर्धकच्ची मिसळली, की बाहेरून काहीच घालावे लागत नाही. फळे शिजवून, चाळणीतून गाळून बिया काढाव्यात आणि गराच्या वजनाइतकी साखर घालावी; साखरेत काटकसर केल्यास बुरशी लवकर धरते. जॅम १०५ अंशांवर होतो, हे माप समुद्रसपाटीचे आहे. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९७ ते ९८ अंशांवरच उकळते, म्हणून १०२ ते १०३ अंशांवर पातेले उतरवावे. काचेच्या निर्जंतुक बरण्यांत जॅम गरम असतानाच काठाच्या किंचित खाली भरून, झाकणे लावून, त्या १५ मिनिटे उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवाव्यात. बरण्या निवताना एकेक झाकण ‘टक्’ असा आवाज करून आत ओढले जाते. तो आवाज ऐकण्याचे समाधान फार मोठे असते. ज्या बरणीचे झाकण बोटाने दाबल्यावर खालीवर होते, ती मात्र फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवावी.